लुनाचा निळा धूर

लुनामागचा निळसर धूर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) कारखाना असलेल्या कायनेटिक इंजिनियरिंगने ही मोपेड १९७२ साली आणली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक. अशा इंजिनात पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण आत शिरते, तेव्हा धूर बाहेर जाण्याची वाटही उघडीच असते. थोडे मिश्रण न जळताच निसटते. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल जळते. निळा रंग त्याचाच. म्हणजे दोष रचनेतच.

दुचाकीने किलोमीटरमागे किती कार्बन मोनॉक्साइड सोडावा, याची मर्यादा १९९६ साली ४.५ ग्रॅम होती. २००० साली २ आणि २०१० साली १ ग्रॅम झाली. विक्रीपूर्वी नमुना-गाडी मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यावी लागते. अशी एक संस्था, व्हीआरडीई, नगरलाच आहे! तिथे नापास झालेली गाडी कितीही दणकट असो, विकता येत नाही.

कारखानदाराला खरी धास्ती तारखेची. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून भारत स्टेज-३ वाहनांची विक्री थांबवली, तेव्हा आठ लाखांवर गाड्या शिल्लक होत्या, बहुतेक दुचाकी. त्यांत बिघाड काहीच नव्हता. उत्पादन थांबवण्याची तारीख कारखान्यांना ठाऊक होती. उरलेला माल मागच्या वेळेसारखा नंतरही खपेल, असे त्यांनी धरून चालले. आम्हाला ही बेफिकिरीच वाटते.

२०२४ साली कायनेटिक ग्रीनने ई-लुना आणली. तिला धुराची नळीच नाही. मात्र वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी २०२२च्या नियमांनी बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकावरच टाकली आहे.