विरळ हवेतील पायवाट : मानेभंज्यांग ते फालुट

रायपूरच्या सदर बाजारात सराफाच्या पेढीवर गुंजभर सोन्याचेही वजन होते. पण ज्या हवेत तो काटा हलतो, त्या हवेच्या वजनाचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः हवेलाही वजन आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर असलेल्या रायपुरात एक घनमीटर हवा साधारणपणे १.१ किलोग्रॅम भरते. हीच मोजणी पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाशी, ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफू या शिखरावर केली, तर ती ०.८ किलोग्रॅमच्या आसपास येते. या दोन आकड्यांमधील अंतर मनुष्याने पायी चालून कसे ओलांडावे आणि ते ओलांडताना त्याच्या देहात काय घडते, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांतील तरुण मंडळी आज सुटीत हिमालयाकडे वळतात. मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग रायपुरावरूनच जातो. त्यामुळे कोलकाता आणि तेथून न्यू जलपाईगुडी गाठणे त्यांना सोयीचे पडते. पुढे दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांग या लहानशा गावी मोटार सोडली, की सिंगालीला पर्वतरांगेची वाट सुरू होते. ही वाट भारत व नेपाळ यांच्या सीमेला अगदी बिलगून जाते. दुपारी ज्या झोपडीत चहा घ्यावा ती नेपाळात आणि रात्री जेथे मुक्काम करावा ते गाव भारतात, असा अनुभव येथे नित्याचा आहे.

परिचित वृक्षापासून प्रारंभ

रायपूरकराला या प्रवासातील पहिला वृक्ष अनोळखी वाटत नाही. दार्जिलिंगच्या पायथ्याशी सुकना परिसरात जे अरण्य लागते, ते सालाचे असते. छत्तीसगडात ज्याला सरई म्हणतात आणि जो त्या राज्याचा राज्यवृक्ष आहे, तोच हा साल होय. उष्ण हवा आणि मोसमी पाऊस दोन्हीकडे असल्यामुळे, मध्ये शेकडो कोसांचे अंतर असूनही वृक्ष एकच राहिला.

पुढे मात्र तसे नाही. दर एक किलोमीटर चढणीमागे तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. रायपूर आणि संदकफू यांच्या उंचीत सुमारे ३.३ किलोमीटरांचा फरक आहे. म्हणजे केवळ उंचीमुळेच तपमान एकवीस-बावीस अंशांनी कमी होते. सपाटीवर इतका बदल अनुभवण्यासाठी उत्तरेकडे हजारो किलोमीटर जावे लागेल. वनस्पती हा बदल अचूक टिपतात. साल मागे पडतो. ओक आणि चेस्टनट यांची दाट, शेवाळाने आच्छादलेली अरण्ये येतात. मग वसंतात पानांवाचून नुसत्या फुलांनी डवरणारा मॅग्नोलिया दिसतो. त्यानंतर लाल, गुलाबी व पांढऱ्या फुलांचे गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, आणि सर्वांत वर रुपेरी फर. एखाद्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथाची पाने क्रमाने उलटावीत, तसे हे वनपट्टे एकामागून एक उलगडतात.

हा ग्रंथ शास्त्रीय दृष्टीने वाचणाऱ्यांत जोसेफ डाल्टन हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अग्रणी होता. १८४८ साली तो याच रांगेतील टोंगलू येथे आला होता. सिक्कीम-हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉनांवरील त्याचा सचित्र ग्रंथ १८४९ ते १८५१ या काळात प्रसिद्ध झाला आणि युरोपातील उद्यानांत या फुलझाडांना मानाचे स्थान मिळाले.

गुरांसाच्या तळाशी मालिंग नावाचा बारीक बांबू माजतो. त्याच्या पानांवर तांबडा पांडा जगतो. हा लाजाळू प्राणी आज दुर्मिळ झाला आहे. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या दोन माद्या २००३ साली सिंगालीलाच्या अरण्यात सोडण्यात आल्या. पुढेही असे प्रयत्न झाले. १९९२ पासून हे अरण्य राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्यात, १६ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत, ते प्रवाशांना बंद असते.

पाच-सहा दिवसांची वाट

मानेभंज्यांग सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवसाची चढण सर्वांत कठीण. ती टोंगलू किंवा त्याच्या शेजारच्या तुमलिंग या वस्तीपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३,००० मीटरांपर्यंत, नेते. दुसऱ्या दिवशी वाट गैरीबासपर्यंत चांगली चार-साडेचारशे मीटर खाली उतरते आणि पुन्हा चढून कालीपोखरीला येते. नवख्या प्रवाशाला ही उतरण व्यर्थ वाटते. परंतु देहाला ती विश्रांतीच असते. तिसऱ्या दिवशी संदकफू, चौथ्या दिवशी रांगेच्या कण्यावरून २१ किलोमीटर चालून फालुट, आणि मग गोरखे, श्रीखोला, रिंबिक असा उतार. फालुट येथे नेपाळ, सिक्कीम आणि पश्चिम बंगाल यांच्या सीमा एकत्र येतात.

वाटेवरील वस्त्या शेर्पा, तामांग, गुरुंग, राई आदी समाजांच्या आहेत. त्यांची व्यवहाराची भाषा नेपाळी, आणि ती देवनागरीतच लिहिली जाते. म्हणून दुकानावरील पाटी मराठी माणसाला सहज वाचता येते. मात्र शब्द ओळखीचा दिसला तरी अर्थ तोच असेल असे नाही. येथे 'कोदो' म्हटले की नाचणी समजावयाची. छत्तीसगडातील कोदो हे निराळेच धान्य आहे. घरातील वयस्क स्त्रीला 'दिदी' आणि वाटाड्याला 'दाजू', म्हणजे थोरला भाऊ, म्हणण्याचा तेथे प्रघात आहे. चुलीशेजारी बसून या 'दिदी' सांगतात, की भात शिजावयास येथे उशीर लागतो. कारण उघड आहे : हवेचा भार कमी झाला की पाणी लवकर उकळते. संदकफूवर ते ८८ अंशांच्या सुमारासच उकळू लागते, आणि तेवढ्या उष्णतेत तांदूळ लवकर मऊ होत नाही. दाबाच्या भांड्याची महती तेथे विशेष कळते.

संदकफूहून पहाटे उत्तरेकडे पाहिले असता कांचनजंगा (८,५८६ मीटर) आणि पश्चिमेकडे ल्होत्से, मकालू व एव्हरेस्ट अशी जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार शिखरे दिसतात. अनेकांना एव्हरेस्ट लहान दिसल्याने नवल वाटते. पण कांचनजंगा येथून सुमारे ६७ किलोमीटरांवर आहे, तर एव्हरेस्ट त्याच्या दुपटीहून अधिक दूर. म्हणून उंचीने थोर असलेले शिखर दृष्टीला धाकटे भासते. याच कांचनजंगावर पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी पोहोचले. त्याआधी २०१२ साली त्याच संस्थेच्या आठ जणांनी एव्हरेस्ट गाठले होते.

देहातील घडामोडी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. रायपुरात काय किंवा संदकफूवर काय, हवेत प्राणवायू शेकडा २१ इतकाच असतो. घटतो तो हवेचा भार. रायपुरात तो पाऱ्याच्या सुमारे ७३५ मिलिमीटर स्तंभाइतका, तर संदकफूवर ४८५ मिलिमीटरांच्या आसपास असतो. परिणामी प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात येणारा प्राणवायू दोन-तृतीयांशच राहतो.

मानेतील धमन्यांशी असलेल्या सूक्ष्म इंद्रियांना ही तूट तत्काळ जाणवते आणि त्यांच्या प्रेरणेने श्वास जलद होतो. पण जलद श्वासाने कर्बाम्ल वायू प्रमाणाबाहेर बाहेर पडतो, रक्तातील अल्कता वाढते आणि तीच श्वासाला पुन्हा लगाम घालते. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन प्रवासी दचकून जागा होतो, त्याचे हे एक कारण. ही अल्कता मूत्रावाटे काढून टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. त्यांना दोन-तीन दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास तर काही आठवडे लागतात. तेव्हा देह जुळवून घेतो खरा, पण आपल्या गतीने. मोटारीच्या गतीशी त्याला कर्तव्य नाही.

येथेच या वाटेवरील खरा धोका आहे. मानेभंज्यांगहून संदकफूपर्यंत मोटारीही जातात. सकाळी निघालेला प्रवासी त्याच दिवशी दीड किलोमीटरहून अधिक उंची चढतो आणि त्या रात्री तेथेच झोपतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे व झोप न लागणे, ही विरळ हवेच्या विकाराची पहिली लक्षणे होत. त्यांकडे दुर्लक्ष करून मनुष्य वरच राहिला, तर क्वचित फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते. या दोन्ही अवस्था प्राणघातक ठरू शकतात. अशा वेळी खोकला, विश्रांतीतही लागणारी धाप, अडखळणारी चाल आणि असंबद्ध बोलणे दिसून येते.

या विकाराच्या अभ्यासात भारतीय वैद्यांचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या युद्धात सपाटीवरील सैनिकांना एकाएकी उंच प्रदेशात जावे लागले. इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी या लष्करी वैद्यांनी १,९२५ सैनिकांच्या आजाराची पाहणी करून १९६९ साली प्रसिद्ध केलेला निबंध जगभर आधारभूत मानला गेला. धडधाकट, कसलेले जवानही या विकारातून सुटत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. शरीराचे बळ आणि उंचीशी जुळवून घेण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वाटाड्याचा शब्द

सिंगालीलाच्या वाटेवर स्थानिक वाटाड्या बरोबर घेणे आवश्यक असते. वाट चुकू नये, एवढाच त्याचा उपयोग आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्याचे मुख्य काम प्रवाशाकडे पाहण्याचे आहे. कोण मागे पडू लागला, कोणी जेवण टाकले, कोणाचे पाऊल तिरपे पडते, हे तो न बोलता टिपत असतो. आजारी प्रवाशाला आपण आजारी आहोत हे पुष्कळदा कळत नाही. कारण ज्या मेंदूने ते ओळखावयाचे, त्यालाच प्राणवायू अपुरा पडत असतो. म्हणून 'खाली चला' असे वाटाड्याने म्हटले, की वाद न घालता निघावे. तीन-चारशे मीटर खाली उतरल्यानेही अनेकदा मोठा आराम पडतो, आणि या विकारावर उतरण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

बाकी नियम थोडे व सोपे आहेत. ३,००० मीटरांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची शक्यतो ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये. पाणी पुरेसे प्यावे, मद्य वर्ज्य करावे. डोके दुखत असता आणखी वर जाऊन झोपू नये. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्याने निघण्यापूर्वीच वैद्याचा सल्ला घ्यावा. कारण या कण्यावर रुग्णालय नाही आणि रात्रीची वाट लांबची आहे.

अवघ्या पाच-सहा दिवसांत सालापासून फरपर्यंतची अरण्ये आणि जगातील चार महान शिखरे दाखविणारी वाट आपल्या देशात आहे, हे आपले भाग्यच होय. तिच्यासाठी एक-दोन दिवस अधिक काढून ठेवणे, ही तिची रास्त किंमत आहे. जो ती देईल, त्याला फालुटच्या कुरणावर सकाळी उभे राहून मोकळेपणाने श्वास घेता येईल. आणि ज्याला ती देता येत नाही, त्याने गैरीबासच्या अरण्यातील गुरांस पाहून संतोषाने परतावे. त्यातही काही उणेपणा नाही.