एक्स-रे वाचणाऱ्याची परीक्षा

सुट्टीत मी दिल्लीला, मयूर विहारमध्ये घरी असतो. तिथे एक्स-रे सेंटर बरीच आहेत. अहवाल अचूक असतो, असे आपण धरूनच चालतो. पण अचूक म्हणजे किती? मशीन कितीही चांगले असले तरी फिल्म वाचतो तो डॉक्टर. मग त्या वाचनाची परीक्षा कशी घेतात? एसएसबीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत आपल्याही छातीचा एक्स-रे निघणार आहे. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

समजा, हजार जणांचे एक्स-रे काढले आणि त्यांपैकी दहा जणांना खरोखर क्षयरोग आहे. एखाद्याने फिल्म न पाहताच सर्वांना ‘नॉर्मल’ लिहिले, तर ९९० उत्तरे बरोबर! गुण ९९ टक्के, पण दहाही रोगी सुटले. म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारतात. खऱ्या रोग्यांपैकी किती पकडले? ही संवेदनशीलता. निरोगी लोकांपैकी किती जणांना निरोगी म्हटले? ही विशिष्टता. समजा, डॉक्टरांनी दहापैकी नऊ रोगी पकडले आणि ९९० निरोगींपैकी ९९ जणांवर उगाच संशय घेतला. दोन्ही आकडे ९० टक्के आले. तरी १०८ संशयितांत खरे रोगी नऊच! म्हणूनच संशय आला की थुंकीची तपासणी करतात. परीक्षेतले ‘बरोबर उत्तर’ही अशाच दुसऱ्या तपासणीतून ठरते, आणि ते वाचणाऱ्याला आधी सांगत नाहीत.

आता गंमत पाहा. दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांपुढे हाच पेच होता. पडद्यावरचा ठिपका शत्रूचे विमान की नुसता गोंधळ? प्रत्येक ठिपक्याला भोंगा वाजवला तर विमान सुटत नाही, पण खोटे इशारे वाढतात. फार सावध राहिले तर विमान निसटते. या विचारातून ‘आरओसी’ आलेख तयार झाला. त्याखालचे क्षेत्रफळ १ आले तर वाचन निर्दोष, ०.५ आले तर नाणे उडवल्यासारखे. १९६०च्या दशकात ली लस्टेड यांनी ही पद्धत रेडिओलॉजीत आणली.

तरबेज डोळाही चुकतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितले. चित्रात गाठीपेक्षा ४८ पट मोठा गोरिला घातला होता. २० जणांना तो दिसलाच नाही! लक्ष गाठींवर होते, म्हणून.

दिल्लीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिल्लीचे प्रमाण देशात सर्वाधिक, लाखात ५३४ निघाले. नुसती लक्षणे विचारली असती आणि एक्स-रे काढला नसता, तर देशभरातले ४२.६ टक्के रोगी सुटले असते. ज्याला खोकलाही नाही, त्याचे सारे भवितव्य फिल्म वाचणाऱ्या डोळ्यांवर असते.

यावर साधा उपाय म्हणजे दोन डॉक्टरांनी एकमेकांचे मत न पाहता तीच फिल्म वाचायची. मत जुळले नाही तर तिसऱ्याने निकाल द्यायचा. पहाऱ्यावर दोघांना ठेवतात, त्यातला हाच शहाणपणा.

तेव्हा मित्रांनो, जुने एक्स-रे फेकू नका. नव्याशी ताडून पाहायला डॉक्टरांना ते उपयोगी पडतात. आणि दुसरे मत घ्यावेसे वाटले, तर त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.