चित्राची साक्ष

समजा, पेशवे दरबाराचे एक भव्य तैलचित्र आपल्यासमोर आहे. शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल, गादीवर तरुण सवाई माधवराव, जवळ नाना फडणीस आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट. प्रसंग १७९० सालच्या तहाचा. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एक झाले, तो हा तह. चित्र पाहताच आपण म्हणतो, "दरबार असा भरत असे तर!"

जरा थांबा. कचेरीत साक्षीदाराला जो पहिला प्रश्न विचारतात, तोच चित्रालाही विचारला पाहिजे. बाबा रे, त्या वेळी तू तिथं होतास का?

नव्हता! हे चित्र टॉमस डॅनियलने रंगवले ते १८०५ साली, तेही इंग्लंडमध्ये. त्याने आधार घेतला जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांचा. बरं, मग वेल्स तरी हजर होता? तोही नाही. तो मुंबईस उतरला १७९१ मध्ये आणि पुण्यास आला १७९२ मध्ये, म्हणजे तह होऊन दोन वर्षे लोटल्यावर. १७९५ मध्ये तो वारलाही.

मग चित्र खोटे म्हणून टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. साक्ष कशाची आहे, एवढेच नीट ठरवायचे. वेल्सने नानांना आणि पेशव्यांना प्रत्यक्ष पाहून त्यांची चित्रे काढली होती, तेव्हा चेहऱ्यांवर बराच भरवसा ठेवता येतो. मात्र पेशव्यांचा जन्म १७७४ चा. तहाच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते, आणि वेल्सने पाहिले ते अठरा उलटलेले पेशवे. त्या वयात दोन वर्षांत मुलगा केवढा बदलतो, हे घरोघरी ठाऊक आहे. महालाचे मोल तर याहून अधिक. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, जोती तेवढी उरली. खांब, कमानी, गणपती हे सारे शोधायचे तर अशाच चित्रांकडे यावे लागते. पण कोण कुठे बसला होता, हे मात्र या चित्रावरून शपथेवर सांगू नये.

दुसरा प्रश्न, पैसे कोणी दिले? चित्र करवून घेतले मॅलेटने. वेल्सच्या मुलीशी त्याचे लग्न झाले होते, त्यामुळे सासऱ्याची रेखाटने घरचीच. आपली वकिली कशी गाजली हे मायदेशी दाखवायला त्याला ते हवे होते. नानांच्या मनातला हिशेब त्यात कुठून येणार? त्यासाठी मोडी कागदच उलगडले पाहिजेत.

याच मॅलेटसाठी गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा एक चित्रकार काम करीत असे. त्याने १७९० मध्येच पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. विषय किरकोळ खरा, पण गेंडा समोर उभा होता आणि गंगारामही तिथेच होता.