पेनॉब्स्कॉटची धरणे आणि त्यांचे खरेदीदार

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात वाहणाऱ्या पेनॉब्स्कॉट नदीवरील ग्रेट वर्क्स आणि व्हीझी ही दोन धरणे अनुक्रमे २०१२ आणि २०१३ साली पाडण्यात आली. या घटनेची नोंद बहुधा धरणविरोधी चळवळीचा विजय म्हणून केली जाते. परंतु तिच्या मुळाशी एक रीतसर खरेदीव्यवहार होता, आणि ज्यांना ही धरणे नको होती त्यांनीच ती पैसे मोजून विकत घेतली होती, ही बाब त्या नोंदीत मागे पडते.

अमेरिकेत खासगी जलविद्युत धरणांना संघीय ऊर्जा नियामक आयोगाकडून साधारणतः ३० ते ५० वर्षांचा परवाना मिळतो. त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी विजेइतकाच मासे, वन्यजीव आणि नदीचा अन्य वापर यांचाही विचार व्हावा, असे बंधन १९८६ च्या कायद्याने आयोगावर घातले. याच तरतुदीचा आधार घेत शेजारच्या केनेबेक नदीवर १९८९ साली काही संस्थांनी आघाडी उभारली, आणि १८३७ सालचे एडवर्ड्‌स धरण मालकाच्या इच्छेविरुद्ध काढून टाकण्याचा आदेश आयोगाने १९९७ मध्ये दिला. १९९९ च्या जुलैमध्ये ते धरण फोडले गेले. मात्र परवान्याची लढाई एका वेळी एकाच धरणापुरती चालते आणि दशके खाते, हाही धडा या संस्थांना त्यातूनच मिळाला.

पेनॉब्स्कॉटवरील संघर्ष त्याहून जुना होता. नदीतील बेटांवर राहणाऱ्या पेनॉब्स्कॉट या आदिवासी राष्ट्राचा मासेमारीचा हक्क कागदोपत्री मान्य होता. परंतु खालच्या धरणांनी वाट अडवल्यामुळे मासेच त्या बेटांपर्यंत पोहोचत नव्हते. बेसिन मिल्स येथे आणखी एक धरण बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा या राष्ट्राने त्याला सातत्याने विरोध केला, आणि १९९८ मध्ये तो प्रस्ताव फेटाळला गेला. पुढे धरणे विकत घेण्यासाठी झालेल्या सहकार्याचे श्रेय मोठ्या राष्ट्रीय संस्थांना सहज दिले जाते. पण वाटाघाटींच्या टेबलावर सर्वांत जुना आणि कायद्याने सर्वांत बळकट दावा या राष्ट्राचाच होता, हे विसरता येत नाही.

धरणांची मालकी पीपीएल या वीज कंपनीकडे गेल्यावर वाटाघाटींना सुरुवात झाली आणि २००४ मध्ये करार झाला. पेनॉब्स्कॉट राष्ट्र, अमेरिकन रिव्हर्स, अटलांटिक सॅल्मन फेडरेशन, मेन ऑड्युबॉन, नॅचरल रिसोर्सेस कौन्सिल ऑफ मेन आणि ट्राउट अनलिमिटेड यांनी मिळून एक न्यास स्थापन केला. द नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था त्यात पुढे सामील झाली. व्हीझी, ग्रेट वर्क्स आणि हाऊलंड ही तीन धरणे सुमारे अडीच कोटी डॉलरना घेण्याचा हक्क न्यासाला मिळाला, तर त्याच खोऱ्यातील इतर धरणांवर वीजनिर्मिती वाढवून या तीन धरणांच्या विजेचे नुकसान भरून काढण्याची मुभा कंपनीला मिळाली. नदी मोकळी करू पाहणाऱ्या संस्थांनी इतरत्र होणाऱ्या अधिक वीजनिर्मितीला मान्यता द्यावी, ही अट गिळणे काहींना जड गेले असल्यास नवल नाही. परंतु हीच अट नसती तर कंपनीला विक्रीत काही स्वारस्य राहिले नसते. कोणी कायद्याची बाजू सांभाळली, कोणी मत्स्यशास्त्राची, कोणी निधीची, आणि सरकारी तसेच खासगी देणग्या जमवून डिसेंबर २०१० मध्ये ही खरेदी पूर्ण झाली.

हाऊलंडची गोष्ट निराळी ठरली. आपला जलाशय राहावा अशी त्या गावाची इच्छा असल्याने तेथे धरण न पाडता त्याच्या बगलेने, दगडगोटे रचून नैसर्गिक ओढ्यासारखा उताराचा प्रवाह तयार करण्यात आला, ज्यातून मासे स्वतःच्या बळावर वर चढतात. संस्थांच्या आघाडीला गावकऱ्यांशीही तडजोड करावी लागते, याचे हे सर्वांत मूर्त उदाहरण होय.

परिणाम एकसारखे नाहीत. वरच्या अंगाला उरलेल्या मिलफर्ड धरणावर मासे एका मोठ्या पेटीत शिरतात, यंत्राने पाण्यासह उचलले जातात आणि वर सोडले जातात. तेथील मोजणीत नदीत चढणाऱ्या हेरिंगवर्गीय माशांची संख्या २०१६ मध्ये दहा लाखांपलीकडे गेली. समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात येणारे हे मासे आपल्याकडील पाला, म्हणजेच हिल्सा, याच्याच कुळातले आहेत. सॅल्मन मात्र २०१४ मध्ये तीनशेच्याही खाली घसरला आणि २०२० मध्ये हजारावर गेला. हा चढउतार समुद्रातील परिस्थितीवरही अवलंबून असल्याने त्याचे सारे श्रेय वा दोष धरणांच्या माथी मारता येत नाही. शिवाय परतणाऱ्या सॅल्मनपैकी बहुतांश अजूनही मत्स्यबीज केंद्रांतून सोडलेल्या पिल्लांतूनच येतात, आणि अंडी घालण्यास योग्य अशा वरच्या उपनद्यांकडे जाताना त्यांना मिलफर्डनंतरही अनेक धरणे ओलांडावी लागतात. या धरणांचे परवाने एकेक करून नूतनीकरणाला येत असून, त्यांवरील मत्स्यमार्ग कितपत कामाचे आहेत हाच आता न्यासातील जुन्या सहकाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या वाटाघाटींचा विषय आहे.