तंत्रिका जोडणी

भ्रूणाच्या वाढीत तंत्रिका कोशिकांपासून (मज्जापेशींपासून) निघणारे अक्षदंड नावाचे लांब तंतू रेणूंच्या संकेतांनुसार आपल्या लक्ष्य कोशिकांपर्यंत पोहोचतात व तेथे अनुबंधने (एका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश जाण्याच्या जागा) तयार करतात. या प्रक्रियेस तंत्रिका जोडणी म्हणतात. मानवी मेंदूत सु. ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका असतात. प्रथिनांची माहिती असलेले जीन (आनुवंशिक घटक) मात्र सु. २०,००० च आहेत. त्यामुळे प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र खूण असू शकत नाही. मोजक्या संकेतांतून एवढी गुंतागुंतीची रचना कशी सिद्ध होते, हा येथील मूळ प्रश्न आहे.

वाढत्या अक्षदंडाच्या टोकाशी असलेल्या वर्धनशंकूचे वर्णन सांत्यागो रामॉन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये केले. रासायनिक पदार्थ त्यास वाट दाखवीत असावेत, असे त्यांचे अनुमान होते. १९४०–५० या दशकात रॉजर स्पेरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बेडकाची दृक् तंत्रिका कापून डोळा १८०° फिरविला. बेडकात ही तंत्रिका पुन्हा वाढते. दृष्टी परत आली, पण ती उलटी होती. माशी वर असता बेडूक खाली झेप घेई आणि ही चूक कधीच सुधारली नाही. तंतू आपल्या मूळच्याच जागी परतले होते. यावरून कोशिकांवर रासायनिक ओळखखुणा असतात, हा सिद्धांत स्पेरी यांनी १९६३ मध्ये मांडला.

असे रेणू पुढे सापडले. १९९४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूपासून वेगळे केलेले नेट्रिन हे प्रथिन मेरुरज्जूतील काही अक्षदंडांना मध्यरेषेकडे आकर्षून घेते. ‘नेणारा’ या अर्थाच्या संस्कृत ‘नेतृ’ शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. मध्यरेषा ओलांडल्यावर तेच अक्षदंड तेथील स्लिट या प्रथिनास संवेदनशील होतात व दूर सारले जातात. त्यामुळे ते माघारी फिरत नाहीत. डोळ्यातील जालपटलाचा नकाशा मेंदूवर उमटतो, तो एफ्रिन प्रथिनांच्या प्रमाणात क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलामुळे. म्हणजे रेणूंचे प्रमाण, त्यांची जुळणी व वेळ बदलून थोडेच संकेत अनेक कामे करतात.

लक्ष्याशी पोहोचल्यावर अक्षदंडावरील न्यूरेक्सिन व समोरच्या कोशिकेवरील न्यूरोलिजिन ही प्रथिने परस्परांना जोडली जातात. या जोडणीच्या साहाय्याने एका बाजूस संदेशवाहक द्रव्याच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) व दुसऱ्या बाजूस ग्राही रेणू एकत्र येतात.

मात्र रेणूंनी आखलेला आराखडा ढोबळ असतो. सस्तन प्राण्यांत तो अनुभवाने सुधारला जातो. वापरातील अनुबंधने बळकट होतात, इतर गळून पडतात. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा आरंभीचे काही महिने बंद ठेवला. नंतर उघडल्यावर मेंदूच्या बाह्यकातील फारच थोड्या कोशिका त्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. प्रौढ मांजरात असा परिणाम दिसला नाही. ह्यूबेल, वीझेल व स्पेरी यांना १९८१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्पेरी यांचा गौरव मेंदूच्या दोन गोलार्धांवरील संशोधनासाठी होता.

बालकाच्या जन्मजात मोतीबिंदूवर जीवनाच्या पहिल्या काही महिन्यांतच शस्त्रक्रिया करणे इष्ट ठरते, ते याच कारणाने. विलंब झाल्यास डोळा स्वच्छ होऊनही मेंदूतील त्याच्या जोडण्या पूर्णपणे भरून येत नाहीत.