गाठीत सोडलेला प्राणवायू



गुराच्या जखमेत अळ्या पडल्या की मेडिकल दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणून जखम धुणे, ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही. ओतताक्षणी पांढरा फेस उसळतो. तो फेस म्हणजे प्राणवायूचे, म्हणजेच ऑक्सिजनचे बुडबुडे. रक्तामांसात कॅटलेज नावाचे एक द्रव्य असते. त्याचा स्पर्श होताच पेरॉक्साइड फुटते व त्याचे पाणी आणि प्राणवायू होतात. कर्करोगाच्या ज्या गाठी कापून काढता येत नाहीत, त्यांच्यावर याच फेसाचा उपयोग करून पाहण्यात येत आहे. "कॅन्सरवर गॅसचे इंजेक्शन निघाले" अशी अर्धवट बातमी उळवीच्या बाजारात पोचण्याआधी खरी हकिकत कळलेली बरी.

गाठ कापता येत नसली की डॉक्टर पुष्कळदा किरणोपचार देतात. आपल्याकडे लोक त्याला 'शेक' म्हणतात. या किरणांना आपले काम करण्यासाठी प्राणवायूची मदत लागते. शेणखताचा मोठा ढीग आठवा. वरच्या थराला वारा लागतो, पण ढिगाच्या पोटात वारा शिरत नाही. मोठ्या गाठीचेही तसेच आहे. मधल्या भागात रक्त पुरेसे पोचत नाही, म्हणून तेथे प्राणवायू नसतो, आणि तेथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. त्या मारायला दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते. इंग्लंडमधील ग्रे नावाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये ही गोष्ट मांडली. तेव्हापासून गाठीच्या पोटात प्राणवायू कसा पोचवावा, हा डॉक्टरांपुढचा प्रश्न आहे.

जपानमधील कोची येथील डॉ. यासुहिरो ओगावा यांनी साधी वाट काढली. वायू नळीने सोडण्याऐवजी पातळ केलेले पेरॉक्साइड गाठीतच टोचायचे, म्हणजे वायू तेथेच तयार होईल. पण नुसते पेरॉक्साइड झटकन फुटून जाते आणि झोंबतेही. म्हणून ते हायल्युरोनेट नावाच्या चिकट द्रव्यात मिसळले. दुखऱ्या गुडघ्यात डॉक्टर इंजेक्शन देतात ना, त्यातले हे द्रव्य. त्यामुळे प्राणवायू हळूहळू सुटतो व काही काळ गाठीत टिकतो. या पद्धतीला 'कॉर्टक' असे नाव पडले. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की येथे वायू हे औषध नव्हे. गाठ मारतात ते किरण. वायू नुसता त्यांना वाट करून देतो.

लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात याची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली व 2020 मध्ये तिचा निकाल छापून आला. स्तनाच्या कर्करोगाचे अवघे 12 रुग्ण होते. सोनोग्राफीच्या यंत्रात पाहत आठवड्यातून दोनदा इंजेक्शन, आणि सोबत किरणोपचार. काहींना टोचल्यावर गाठीत चांगलीच वेदना झाली, पण ती लवकर ओसरली. बहुतेकांच्या गाठी वर्षभरात निम्म्याहून अधिक आक्रसल्या.

हे वाचून कोणालाही आनंद होईल. पण पहिल्या टप्प्यात विचारायचा प्रश्न वेगळा असतो: हे माणसाला सोसते का, अपाय तर होत नाही? गुण किती येतो, हे तेथे ठरत नाही. समजा, तुम्ही सगळ्या शेतात भाताचे नवे बियाणे पेरले आणि पीक उत्तम आले. श्रेय बियाण्याचे की त्या वर्षीच्या पावसाचे? एकाच मळीत अर्धे जुने व अर्धे नवे पेरले असते, तरच कळले असते. त्या 12 जणांना किरणोपचारही मिळाले होते. म्हणून दुसऱ्या टप्प्यात 184 रुग्ण घेण्याचे ठरले: निम्म्यांना नुसते किरण, निम्म्यांना किरण आणि इंजेक्शन, कोणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे. या टप्प्यात इंग्लंडबरोबर आपल्या भारतालाही सामील करण्यात आले.

आता एक कडक सूचना. दुकानातील पेरॉक्साइड साधारण 6 टक्क्यांचे असते, चाचणीतले अर्ध्या टक्क्याचे. घरी कोणी ते पिऊ नये, कोणाच्या सांगण्यावरून टोचून तर मुळीच घेऊ नये. वायूचा बुडबुडा रक्तवाहिनीत अडकला तर माणूस दगावतो. तीव्र पेरॉक्साइड 'औषध' म्हणून पिऊन माणसे मेलेली आहेत. असे काही विकणारा दारी आला, तर त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावा. आतिथ्यालाही मर्यादा असते.

आपल्यापैकी कोणाला हुबळी, बेळगाव, बांबोळी किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात एखाद्या चाचणीबद्दल विचारले गेले, तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. चाचणी कितव्या टप्प्याची आहे ते विचारा. मला नेहमीचा उपचार मिळणार की नाही, हेही विचारा. भारतात 2019 च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट मिळतो व भरपाईचाही हक्क असतो. मधूनच नाव काढून घेता येते, आणि त्यापायी नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. सुपारीची बाग गहाण ठेवून चाचणीत शिरायला कोणी सांगत असेल, तर ती चाचणी नव्हे. संमतीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवा. तो इंग्रजीत पुढे केला तर अंगठा उठवू नका. मराठी, कोंकणी किंवा कन्नड, जी घरात बोलता तिच्यात समजावून मागा, आणि घरच्यांपैकी एकाला शेजारी बसवा.