'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगितलं जातं, तेव्हा कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय होतं?

फोटोशॉप, कोरल ड्रॉ किंवा एखाद्या गेमचं फुकटातलं 'क्रॅक' व्हर्जन डाउनलोड केलं, की त्यासोबत बऱ्याचदा 'रीडमी' नावाची छोटी फाइल येते. तिच्यात हमखास एक सूचना असते : आधी अँटीव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा. वर दिलासाही असतो, की अँटीव्हायरस उगाच ओरडतो, घाबरू नका.

कधीकधी ते खरंही असतं बरं का. क्रॅक मूळ प्रोग्राममध्ये फेरफार करतो, म्हणून तो अँटीव्हायरसला संशयास्पद वाटतो. पण खरा इशारा आणि खोटा इशारा स्क्रीनवर सारखाच दिसतो. आणि आपण तर इशारा देणाऱ्यालाच आधी सुट्टीवर पाठवलेलं असतं.

कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरससुद्धा बऱ्याचदा पहिलं काम हेच करतो. २०१९ मध्ये गाजलेला 'ट्रिकबॉट' हे त्याचं चांगलं उदाहरण. बँकेचे तपशील चोरणारा हा व्हायरस आत आल्यावर विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, बंद करायच्या मागे लागायचा. त्यासाठी कुठलीही अचाट हॅकिंग लागत नव्हती. ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळाला की पॉवरशेलमधल्या काही कमांड आणि रजिस्ट्रीतल्या काही नोंदी बदलून हे जमायचं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची वहीच म्हणा.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोज १० मध्ये 'टॅम्पर प्रोटेक्शन' नावाचं बटण आणलं. हे चालू असलं, की डिफेंडर बंद करणारी कमांड आली किंवा रजिस्ट्रीत तशी नोंद झाली, तरी विंडोज तिकडे लक्षच देत नाही. महत्त्वाची सेटिंग बदलायची तर कुणीतरी स्वतः 'विंडोज सिक्युरिटी' ॲप उघडून, माउसने बटण दाबून, वर 'येस' म्हणावं लागतं. घरच्या कॉम्प्युटरवर हे सहसा आधीपासून चालूच असतं. पुण्याच्या क्विक हीलमध्येही 'सेल्फ प्रोटेक्शन' या नावाने असाच पहारा आहे.

आता गंमत बघा. हा पहारा प्रोग्रामला अडवतो, माणसाला नाही. रीडमी वाचून तुम्हीच बटण बंद केलंत, तर विंडोजच्या दृष्टीने मालकानेच परवानगी दिली. एनीडेस्कसारख्या ॲपवरून स्क्रीन ताब्यात घेतलेल्या 'कस्टमर केअर'वाल्याने बंद केलं, तरी तेच.

दुसरी फट त्याहून कमी लोकांना माहीत असते. तिचं नाव 'एक्सक्लूजन्स', म्हणजे डिफेंडरने ज्या फाइल्स आणि फोल्डर तपासायचे नाहीत त्यांची यादी. रिअल-टाइम प्रोटेक्शन आपण बंद केलं, तरी थोड्या वेळाने विंडोज ते आपणहून चालू करतं. एक्सक्लूजन मात्र तुम्ही स्वतः काढेपर्यंत तसंच राहतं. शिवाय घरच्या कॉम्प्युटरवर टॅम्पर प्रोटेक्शन ही यादी राखत नाही. इन्स्टॉल करताना आलेल्या चौकटीत आपण 'येस' दाबलं, की तो प्रोग्राम स्वतःचं फोल्डर, अगदी अख्खा सी ड्राइव्हसुद्धा, यादीत टाकू शकतो. बाहेरून सगळं हिरवंगार दिसतं, टिकमार्कही असतो. आत तपासणी शून्य.

बरं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय, असं वाटत असेल तर ब्राउझर आठवा. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब दरवेळी पासवर्ड विचारत नाही, कारण तुमच्या लॉगिनची खूण 'कुकी' म्हणून ब्राउझरमध्ये साठवलेली असते. ती चोरली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. 'रेडलाइन' नावाचा व्हायरस नेमका हाच माल उचलायचा आणि क्रॅक सॉफ्टवेअरमधून सर्रास पसरायचा. नेदरलँड्सच्या पोलिसांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या सर्व्हरवर कारवाई झाली. त्याआधी २०२१ मध्ये गुगलनेही सांगितलं होतं, की जाहिरातीच्या खोट्या ऑफर पाठवून यूट्यूबर्सच्या कुकी चोरल्या जात आहेत. तेव्हा सुमारे ४ हजार खाती परत मिळवून द्यावी लागली होती.

आता तुमचा कॉम्प्युटर बघा, दोन मिनिटांचं काम आहे. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि सेटिंग्जखालच्या 'मॅनेज सेटिंग्ज'वर क्लिक करा. टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना? तिथेच खाली एक्सक्लूजन्सची यादी आहे. आपण न टाकलेली नोंद दिसली, तर ती काढून टाका. (दुसरा अँटीव्हायरस असेल तर ही पानं वेगळी दिसतील, मग त्याच्या ॲपमध्ये शोधा.)

घरच्या कॉम्प्युटरवर 'ही सेटिंग तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केली जाते' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसला तरी थांबा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो स्वाभाविक आहे. घरी मात्र कुठल्यातरी प्रोग्रामने रजिस्ट्रीत नियम लिहून ठेवल्याची ती खूण असू शकते.

आमच्या मते सगळ्यात कामाची गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती फारसं कुणी करत नाही. विंडोजमध्ये पहिलं बनवलेलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं आणि घरातले सगळे तेच वापरतात. रोजच्या वापरासाठी 'स्टँडर्ड' खातं वेगळं बनवा, मुलांसाठी तर नक्कीच. मग सेटिंग बदलायला नुसतं 'येस' पुरत नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो.

आणि अनोळखी नोंद सापडलीच, तर ती काढल्यावर 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन' स्कॅन चालवा. यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते. तोवर दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदला आणि प्रत्येक खात्यात 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा, म्हणजे चोरलेल्या कुकीचा उपयोग उरणार नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.